नवरीकडच्या मामाचा दगड

अण्णा, पाणी आलं.

सगळ्यात आधी हे सांगायचं होतं, ते सांगून टाकलं. बाकीचं आता जमेल तसं लिहितो.

तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. पाऊस झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात बारवेच्या तळाला उत्तरेकडून झरा फुटला. आधी करंगळीएवढा, मग मनगटाएवढा. परवा पाणी कमानीच्या खांद्याला लागलं आणि काल सकाळी डोक्यावरून गेलं. कमान धरून आहे. एक खडासुद्धा पडला नाही. या दिवसांत मी रोज तीन-तीनदा पायऱ्या उतरून बघत होतो. आई म्हणाली, "म्हैस व्यायला झालीया का तिथं? सारख्या येरझाऱ्या घालतोस ते!" मी हसलो, पण पुन्हा गेलोच. काल मात्र घरी आलो, जेवलो आणि दुपारभर झोपलो. उन्हाळ्यापासून असा झोपलो नव्हतो.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मला आमच्या गावातल्या जुन्या इमारतींवर लेख द्यायचा होता. गढी, मशीद, छत्री, प्रार्थनामंदिर, बारव अशी क्रमवार माहिती. तो लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत तुम्ही आलात. मग दुसरं काही लिहिता येईना. सर म्हणाले, "मग त्यांच्यावरच लिही." गेलेल्या माणसावर लिहिताना जन्म, शिक्षण, कार्य असं लिहितात. तुमची जन्मतारीख मला ठाऊक नाही. तुम्हालाही नव्हती. म्हणून तुमच्याशीच बोलतो.

एकाच गावात राहून तुमची ओळख व्हायला मला एकोणीस वर्षं लागली. आमचं घर वेशीच्या आत, तुमची वस्ती ओढ्यापलीकडे. तुमच्या वडिलांच्या वेळी वस्ती ख्रिस्ती झाली, पण गावाच्या लेखी ती ओढ्यापलीकडचीच राहिली. आमच्याकडे तुमचं नाव 'शमू गवंडी'. ओटा खचला की दादा, माझे वडील, म्हणायचे, "शमूला हाक मारा." तुम्ही ओसरीबाहेर उभं राहून काम समजून घ्यायचात. चहा यायचा तो कान तुटलेल्या एका कपात. तो कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. मी लहानपणापासून तो बघत होतो आणि त्याबद्दल कधी कुणाला काही विचारलं नाही. हे गाळलं तर पुढचं काही समजणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी रेघा मारलेली वही घेऊन गावात हिंडत होतो. इमारतीचं नाव, बांधणारा कोण, काळ कुठला, असे तीन रकाने. पहिला भरला, पुढचे दोन कोरे. ज्याला विचारावं तो म्हणे, "लई जुनं हाय." शेवटी चावडीपुढच्या म्हाताऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "त्या शमूला इचार. त्यानं गावातल्या समद्या भिंती चाटल्यात." मी तुमच्याकडे आलो आणि काय हाक मारावी तेच कळेना. शमू म्हणणं जिभेवर येईना. 'अण्णा' म्हणालो. तुम्ही थापी खाली ठेवून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "कुनाचा रं तू?" मी दादांचं नाव सांगितलं. "मंग कालेजनं बिघडीवला तुला," म्हणालात. त्या दिवसापासून माझं नाव 'कालेज' पडलं.

ते चार दिवस मी विसरणार नाही. तुम्ही भिंतीवर तळवा ठेवायचात आणि सांगत सुटायचात. मशिदीच्या मागच्या भिंतीपाशी म्हणालात, "ह्यो गवंडी डावरा हुता."

"कशावरून?"

"गिलाव्यावर थापी उलट्या अंगानं फिरलीया. बघ की डोळं उघडून."

खरंच फिरली होती. नदीकाठच्या छत्रीपाशी म्हणालात, "हितं बाप-ल्योक कामाला हुते. खालचे थर बापाचे, वरचे लेकाचे. ल्योक घाईचा. जेवायच्या वक्ताला डोळा लावून बसायचा." गढीच्या बुरुजाला तुम्ही 'भांडखोर' म्हणायचात, कारण त्याचा एकही दगड शेजारच्याशी नीट बसलेला नव्हता. मिशनच्या प्रार्थनामंदिराच्या पायरीवर मात्र नुसते टेकलात. तिथं तुम्ही लहानपणी कामाला लागला होतात आणि टाकी चालवायला तिथंच शिकलात, एवढंच सांगितलंत.

माझे रकाने बघून तुम्ही म्हणालात, "तुजा कागुद बांधनाऱ्याचं नाव इचारतो. सांबाळनाऱ्याचं कोन इचारनार?" मी पट्टी काढून चौथा रकाना आखला. सरांनी नंतर सगळ्या वर्गाला तो रकाना आखायला लावला. हे तुम्हाला सांगितलं होतं की नाही, आता आठवत नाही.

बारवेपाशी आलो तेव्हा तुम्ही वरच्या पायरीवरच थांबलात. "तू जाऊन ये. मी हितनंच सांगतो." मला वाटलं पायऱ्या उंच आहेत म्हणून. मी मूर्खासारखं विचारलं, "गुडघे दुखतात का, अण्णा?"

तुम्ही मोठ्यानं हसलात. "व्हय. आमच्या समद्या वस्तीचे गुडगे दुखत्यात."

मला समजायला अर्ध्या पायऱ्या उतरून जावं लागलं. मग वर यायलाही तोंड नव्हतं आणि खाली जायलाही. वस्तीतल्या बायका वर घागरी घेऊन बसायच्या आणि गावातली कुणी बाई वरून पाणी ओतायची, हे मी जन्मभर बघितलेलं. पण त्या बायकांचे गुडघे मला कधी दिसले नव्हते.

पुढे उन्हाळा लागायच्या आधीच बारव आटली. दोन वर्षं पाऊस नाही. विहिरी कोरड्या, गुरं छावणीत, माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, घरात रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी. माझी परीक्षा झाली आणि लिहिता येतं म्हणून ओव्हरसियर साहेबांनी मला हजेरी घ्यायला ठेवलं. बारवेचा गाळ काढायचं कामही त्यातच होतं. गाळ निघाला आणि आत्तापर्यंत कुणीच न बघितलेली ती खालची कमान उघडी पडली. पायऱ्या संपतात तिथं, पाण्याच्या तोंडाशी, नऊ दगडांची. डावीकडचा पाया खचलेला आणि मधला दगड चार बोटं खाली सरकलेला. वरचं सगळं मोटेचं बांधकाम त्या कमानीवर उभं होतं. साहेब म्हणाले, पाडून टाका, नाहीतर पाणी भरल्यावर कोसळेल आणि झराच बुजेल. पाडायचं तर वरचंही पाडायचं, म्हणजे बारव गेलीच.

तेव्हा तुम्हाला बोलावलं. तुम्ही पायऱ्या उतरलात. सगळं गाव वरून बघत होतं. खाली पोचल्यावर तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "पानी हुतं तवर पायरी दिली न्हाई. पानी गेल्यावर या म्हनत्यात." आणि मग लगेच मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "व्हईल! दगड चांगलं हायेत. पाया नवा धरायचा, कमान उतरवून परत चढवायची. पर पानी यायच्या आत. ही संधी पुन्यांदा आपल्या हयातीत न्हाई."

संध्याकाळी पंचायतीपुढे तुम्ही म्हणालात, "समद्यांला मिळती तीच हजेरी मला द्या. पर एक बोलायचं हाय. पानी आलं की आमच्या बायामान्सं ह्याच पायऱ्यांनी उतरत्याल. वरनं वतून नको."

मी हजेरीची वही छातीशी धरून उभा होतो. माझे दादा म्हणाले, "आदी पानी तर यिऊ दे, शमू."

"पानी येईल तवा मी आसंन, न्हाईतर नसंन. म्हनून आताच बोला."

"कायदा हायच की," कुणीतरी म्हणालं.

"कायदा हाय. पर कायद्याला घागर न्हाई."

दोघं-तिघं हसले. सरपंच पान चघळत म्हणाले, "कमान टिकली तर मग बघू." सगळ्यांनी तेच धरलं. टिकली तर. तुम्ही मान हलवलीत. घरी जाताना मला म्हणालात, "आयकलंस? वस्तीची घागर आता नऊ दगडांवर ठिवली."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, आणि त्यातलेच पाच सगळ्यात वाईट.

कमान उतरवताना मी प्रत्येक दगडावर गेरूनं नंबर घातले, एक ते नऊ. तुम्ही कपाळाला हात लावलात. "नंबर कैद्यांला असत्यात रं!" तुमच्याकडं दगडांना नाती होती. कमान म्हणजे लग्न. एका अंगाला नवऱ्याकडचे चार, दुसऱ्या अंगाला नवरीकडचे चार. तळाला दोन्हीकडं आजा, सगळा भार घेणारा आणि एक शब्द न बोलणारा. त्यावर व्याही, त्यावर मामा, त्यावर करवली. आणि मधला दगड नवरी, कारण ती शेवटी येते आणि ती बसल्याशिवाय कुणालाच बसता येत नाही.

मी म्हणालो, "पण दोन मामांमध्ये घोळ होईल."

"मामा एकमेकांला वळखत्यात. तुला वळखू येत न्हाईत ही तुजी अडचन."

कप्पी आणि नाड्यांनी एकेक दगड वर आला आणि लिंबाच्या झाडाखाली ओळीनं मांडला. मग तुम्ही कळीचा चुना आणायला भट्टीवर गेलात, दोन दिवसांसाठी. जाताना मला म्हणालात, "वऱ्हाडाकडं ध्यान ठिव, कालेज."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावरून बायकांची एक टोळी आमच्याकडे वर्ग झाली. त्यांची नावं उतरवून घेताना एका म्हातारीनं विचारलं, "कंचा ढीग फोडायचा, बाबा?" मी वहीतून मान वर केली नाही. पेन्सिलनं दाखवलं, "तो, झाडाखालचा." माझ्या मनात बाभळीखालचा ढीग होता. त्यांना जवळचं झाड लिंबाचं दिसलं.

अर्ध्या तासानं घणाचा आवाज वेगळा वाटला म्हणून धावलो. नवरीकडच्या मामाचे चार तुकडे झाले होते आणि त्यातल्या दोनांची खडी. म्हातारी घाम पुसत म्हणाली, "लई कठीन हुता बग. दोन घन दमलं." मी तिला काही बोललो नाही. तिची चूक नव्हती. टोळी दुसरीकडं हलवली, तुकडे गोळा केले आणि एका बाजूला लोटले. रात्रभर विचार केला की खरं सांगावं. सकाळी तुम्ही आलात तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "खडीचा ट्रक मागं घेताना चाक गेलं, अण्णा."

तुम्ही तुकड्यांपाशी उकिडवे बसलात. एक उचलून उन्हात धरलात, फिरवून बघितलात. "टरकाचा नंबर घेतला का?"

"नाही."

"आसं कसं? तू तर दगडांलाबी नंबर घालतोस."

एवढंच. मला वाटलं, तुम्ही विश्वास ठेवलात. सुटल्यासारखं वाटलं आणि मी वहीत डोकं घातलं.

खाणीतून नवा दगड आला. माझ्या वहीचा पुठ्ठा मागून तुम्ही त्याचं माप नवऱ्याकडच्या मामावरून कापलंत आणि पालटून नवरीकडच्यासाठी लावलंत. मग पाच दिवस, लिंबाची सावली फिरेल तसे फिरत, तुम्ही तो दगड घडवत होतात. वय झालेलं, नजर अधू, ऊन हे असं. मध्येच खोकला यायचा. मी पाण्याचा तांब्या घेऊन जायचो. आमच्या घरचा तांब्या. प्रत्येक वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि प्रत्येक वेळी विचारायचो, "अजून किती राहिलं?"

चुन्याची घाणी ओढायला बैल नव्हते, ते छावणीत. तेव्हा दांड्याच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला तुमची सून, रूथवहिनी, असे आम्ही ते दगडी चाक गोल गोल ओढलं. चुना, वाळू आणि जुन्या कौलांचा बारीक चुरा. भाजल्या मातीचं पीठ घातलं की चुना पाण्यातसुद्धा घट्ट होतो, हे तुम्ही मला शिकवलंत. दादा एकदा तिथून गेले. मला जुंपलेला बघून म्हणाले, "कालेजात जाऊन बैल झालास व्हय रं?" मी खाली बघितलं. तुम्ही म्हणालात, "बैल न्हाई, पाटील. बैलाला परीक्षा नसती." दादांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं.

सिमेंटचा आपला वाद मात्र अर्धाच राहिला. साहेबांकडं सहा पोती शिल्लक होती. मी म्हणालो, वापरू, लवकर होईल. तुम्ही म्हणालात, "शिमिट घाई करतं. कमानीला घाई न्हाई." मला अजूनही वाटतं, सिमेंट चाललं असतं. तुम्ही असता तर अजून महिनाभर भांडलो असतो.

कमान चढवायची म्हणजे खाली आधी मातीचा भराव घालायचा, कमानीच्या आकाराचा. त्यावर दगड बसवायचे आणि चुना धरला की माती हळूहळू काढून घ्यायची. दोन्ही आजे बसले, व्याही बसले, मामा बसले, करवल्या बसल्या. नवा मामा इतरांपेक्षा काळा दिसत होता. मंगळवारी दुपारी नवरी उतरली. तुम्ही तिच्या डोक्यावर लाकडी मोगरीनं तीन ठोके दिलेत आणि म्हणालात, "बसा आता समदे. जेवनं व्हायचीत."

रविवारी तुम्ही प्रार्थनेला गेलात आणि तिथूनच ताप घेऊन आलात.

मी दोनदा भेटायला आलो. तुमच्या घरात पहिल्यांदाच. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, छाती भात्यासारखी चालत होती. सांगायला आलो होतो, आणि बोललो चुन्याबद्दल. चुना किती धरला, तडे आहेत का, वरून ओलं पोतं टाकतोय का. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "भराव काढताना गवंड्यानं कमानीखाली बसायचं असतं. ठाव हाय ना? आपल्या डोक्यावर घेतल्याबिगर दुसऱ्याच्या डोक्यावर ठिवायची न्हाई. तितं बसून तंबाकू मळायची. घाई करायची न्हाई."

"तुम्ही बसाल की, अण्णा."

"मी बसलो तर बसलो. न्हाईतर तू बस."

मी "हो" म्हणालो. दुसरं काही म्हणायचं धाडस नव्हतं.

भराव काढायला चार दिवस होते तेव्हा तुम्ही गेलात. तुमचा मुलगा राहुरीकडून धावत आला, पण उशीर झाला होता. मी माती दिली. दादा ओढ्यापर्यंत आले आणि अलीकडच्या काठावर टोपी काढून उभे राहिले. पलीकडे आले नाहीत. पण उभे राहिले, हेही लिहून ठेवतो.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी पेन्सिल न बघता रोखली, म्हणून तुम्ही पाच दिवस उन्हात बसलात, म्हणून छाती गेली. आणि वर हे, की तो नवा दगड दबला, निसटला, तर कमान जाईल, आणि कमान गेली की सरपंचांचं 'टिकली तर' तिथंच संपेल. वस्तीची घागर पुन्हा वरच्या पायरीवर. सगळं माझ्या एका पेन्सिलीमुळं.

ठरल्या दिवशी मी खाली बसलो. तुमची तंबाखूची डबी रूथवहिनींनी आणून दिली. मी कधी खाल्लेली नाही, पण मळायला घेतली. दोन गडी कडेनं माती ओढू लागले. साहेब वरून ओरडले, "अरे, बाहेर ये! मरायचंय का?" मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर पळालोच असतो. माती खाली खाली जात होती आणि डोक्यावर उजेडाची एक फट दिसू लागली. फट रुंद झाली. मग नवरीकडून एक बारीक आवाज आला, कट्. कुणीतरी वरून किंचाळलं. थोडी वाळू माझ्या मानेवर सांडली. आणि मग काही नाही. नऊच्या नऊ दगड एकमेकांवर रेलून शांत. तो आवाज म्हणजे कमान आपल्या जागेवर बसल्याचा, हे तुम्ही मला आधीच सांगितलं होतं. पण कमानीखाली बसल्यावर सांगितलेलं आठवत नाही.

मी तंबाखू तोंडात टाकली. डोकं असं गरगरलं की मला वाटलं आता कमान फिरतेय. गडी हसायला लागले. मीही हसलो आणि तसाच रडलो.

सगळे वर गेल्यावर रूथवहिनी पायरीवर बसून राहिल्या होत्या. मला राहवलं नाही. त्यांना सगळं सांगितलं. म्हातारी, पेन्सिल, लिंब, ट्रक. त्यांनी माझं पुरं ऐकलं आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मामंजींला ठावं हुतं की."

"काय?"

"पयल्याच दिवशी. घनाचं घाव का चाकाचा दाब, येवढं त्येंला कळंना व्हय? रातच्याला जेवताना हसत हुते. म्हनले, पोरगं टरक दावतंय मला."

"मग बोलले का नाहीत?"

"मी म्हनलं त्येंला, बोला त्याला. तर म्हनले, कशापायी? हितं समदे दगड गाववाल्यांचे. मी निस्ता उचलून ठिवनार हुतो. त्या पोरानं एक फोडला म्हनून माजा एक बसला." मग तुमच्याच आवाजाची नक्कल करत म्हणाल्या, "नवरीचा मामा आता आपल्या वस्तीतला हाय, रूथ. बगू कोन लगीन मोडतंय."

आणि खोकला? मी तेही विचारलं. तो दोन वर्षांपासूनचा, त्या म्हणाल्या. मिशनच्या दवाखान्यातले कागद त्यांनी मला दाखवले. खरं आहे की माझं मन राखलं, ठाऊक नाही. कागदांवरच्या तारखा मात्र जुन्या होत्या.

अण्णा, त्या पायरीवर बसून मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. खूप दिवस डोक्यावर पाटी घेऊन चालावं, कुणीतरी मागून ती हलकेच उतरवून घ्यावी, आणि तरी मान काही वेळ ताठच राहावी, तसं काहीतरी. तुम्ही पाच दिवस ऊन सोसत नव्हतात. तुम्ही मजेत होतात. मी तांब्या घेऊन चोरासारखा यायचो तेव्हा तुम्ही आपला दगड घडवत होतात.

आता कालचं सांगतो. पाणी कमानीवरून गेलंय हे गावभर कळलं होतं. सकाळी बायका घागरी घेऊन आल्या. माझी आईही. रूथवहिनी वस्तीतल्या दोघींना घेऊन आल्या आणि सवयीनं वरच्या पायरीवर थांबल्या. सरपंच कट्ट्यावर होते. दादाही होते. तेवढ्या वेळात एवढं सगळं मोडू शकत होतं की मला भराव काढायचा दिवस सोपा वाटला.

आई मधल्या पायरीवर होती. तिनं वळून वर बघितलं. "अगं उतर की गं. वाट अडवून का हुबी ऱ्हायलीस? तुज्या सासऱ्यानं बांदलंय न्हवं, पडत न्हाई ते!"

रूथवहिनी उतरल्या. माझ्या आईच्या शेजारी त्यांनी घागर बुडवली. घागर भरताना जो आवाज होतो तेवढाच आवाज. सरपंच उठून चंची झटकत निघून गेले. त्यांनी 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. गावातल्या दोन घरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन मळ्यातल्या विहिरीकडे गेल्या. आजही तिकडंच गेल्या. तेही खरं सांगतो. पण बाकीच्या थांबल्या. दादा घरी येऊन त्याच पाण्याचा तांब्या प्यायले आणि म्हणाले, "गोड हाय." मग, माझ्याकडं न बघता, "गवंडी पक्का हुता." शमू म्हणाले नाहीत. गोठ्याच्या वळचणीचा कप आज मला तिथं दिसला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "फुटला." कधी, कसा, ते मी विचारलं नाही.

काल संध्याकाळी पायऱ्यांवर कुणी नव्हतं तेव्हा मी पाण्यापर्यंत उतरलो. कमान आता दिसत नाही. पाणी हिरवट आहे, निवळायला वेळ लागेल. पुन्हा कधी आटेल ते ठाऊक नाही, आटू नये. म्हणजे तुमचा दगड आता कुणीच बघणार नाही. मी बाही वर सारून, पालथा पडून हात खाली घातला. आधी नवरी लागली, गुळगुळीत, शेकडो वर्षं पाण्यानं घासलेली. मग नवरीकडची करवली, तीही तशीच. आणि त्याखाली, हात खांद्यापर्यंत बुडाल्यावर, बोटांना टाकीचे घाव लागले. ताजे, खरखरीत. मामा जागेवर आहे.

माझ्या वहीत बारवेपुढच्या चौथ्या रकान्यात मी तुमचं पूर्ण नाव लिहिलंय. आता एकच गोष्ट उरली. तुम्हाला ती ठाऊक होती, पण मी स्वतः तुम्हाला कधी सांगितली नाही. तुमच्यापुढं दर वेळी तोंड उघडलं आणि दर वेळी मिटलं. म्हणून इथं, सगळ्यांसमोर, लिहून ठेवतो.

ट्रक आलाच नव्हता, अण्णा.